कंटेनरच्या पत्र्याला फुटणारा घाम: छतावरचं ठिबकणं दरवेळी परत का येतं

तक्रार ठरलेली असते. परसात वीस फुटी शिपिंग कंटेनर आणून ठेवला, सामान नीट रचलं, काही महिने आत सगळं खडखडीत कोरडं होतं. मग एका सकाळी दार उघडलं तर वरच्या खोक्यांवर रुपयाएवढे ओले डाग, हत्यारांवर तांबूस गंज आणि नाकात कुबट वास. छताला सीलंट फासलं, सिलिका जेलच्या पिशव्या टांगल्या. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

ते परत येतं, कारण उपाय छतावर होतो आणि पाणी मात्र दुसरीकडून येत असतं. बहुतेक वेळा ते जमिनीतून, प्लायच्या मजल्यातून आणि आत ठेवलेल्या सामानातून वाफेच्या रूपात सुटतं आणि रात्री गार पडलेल्या पत्र्यावर जमतं. छत फक्त ते दाखवतं. म्हणून आधी ओलीचा उगम बंद करायचा, मग हवा खेळती करायची आणि शेवटी छताकडे वळायचं. हा क्रम उलटा झाला की खर्च होतो आणि ठिबकणं तसंच राहतं.

पहिलं काम: गळती आहे की दव, हे ठरवणं

दवाचं पाणी साधारण सगळ्या छतावर सारखं असतं. पहाटे टॉर्च तिरपी धरून पाहिलं तर छताच्या खाली आलेल्या वळ्यांच्या (पत्र्यातल्या उंचसखल घड्यांच्या) कडेला मोत्यांसारखी थेंबांची रांग लटकलेली दिसते. दार जरा जोरात लावलं की ते थेंब एकदम खाली येतात, म्हणूनच "आत पाऊस पडतोय" असं वाटतं. आदल्या रात्री आकाश निरभ्र असेल आणि पाऊस पडलेला नसेल, तर ते नक्की दवच. गळतीचं पाणी याउलट एकाच जागी येतं, पावसानंतरच येतं आणि भिंतीवर गंजाचा तपकिरी ओघळ सोडतं.

शंका राहिली तर तीन चाचण्या करा. भर उन्हात आत जाऊन दोन्ही दारं बाहेरून कुणाकडून तरी लावून घ्या आणि दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. टाचणीएवढं भोकसुद्धा ताऱ्यासारखं चमकतं, त्याला लगेच खडूनं गोल करा. एकट्यानं ही चाचणी करू नका, कारण नेहमीच्या कंटेनरची दारं आतून उघडत नाहीत. दुसरी चाचणी पाण्याच्या नळीची. खालून सुरुवात करून वर सरकायचं: आधी दाराचा उंबरठा, मग दाराच्या बाजू, मग वरची चौकट, शेवटी छत, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. तिसरी चाचणी मजल्याची, आणि लोक हीच गाळतात. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक मजल्यावर पसरून चारही कडा टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला ओल जमली तर मजला पाणी सोडतो आहे. वरच्या बाजूला जमली तर ओल आतल्या हवेतली आहे.

हिशेब मांडला की उगम सापडतो

वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर हवा असते. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशाला १७ ग्रॅम आणि १० अंशाला जेमतेम ९ ग्रॅम. समजा संध्याकाळी आत ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता आहे. म्हणजे आतल्या सगळ्या हवेत मिळून पाऊण लिटर पाणी आहे. रात्री हवा २० अंशांवर आली तर त्यातलं फक्त १८० ग्रॅम बाहेर पडेल. एवढासा पेलाभर ऐवज १४ चौरस मीटर छतावर पसरला तर पत्रा धुरकट दिसेल, ठिबकणार नाही.

म्हणजे बंद कंटेनरमध्ये खरोखर ठिबकत असेल, तर कुणीतरी रोज नवं पाणी पुरवतं आहे. मजल्याचंच पाहा. तो २८ मिमी जाडीच्या प्लायचा असतो आणि त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या पुढे जातं. खालून ओल पिऊन त्यातलं पाण्याचं प्रमाण नुसतं पाच टक्क्यांनी वाढलं, तरी त्यात तेरा-चौदा लिटर पाणी साठतं. दुपारी पत्रा तापला की तो हे पाणी सोडत राहतो. लाकडाचंही तसंच: कोरडं वजन १०० किलो असलेलं लाकूड २५ टक्के ओल घेऊन आत आलं आणि सुकत सुकत १५ टक्क्यांवर पोचलं, तर १० लिटर पाणी आतल्या हवेत गेलं. या ओघापुढे सिलिकाच्या चार पिशव्यांचं काही चालत नाही.

छतच का घामाघूम होतं, भिंती का कमी, यालाही कारण आहे. छताचा पत्रा अवघा २ मिमी जाड. निरभ्र रात्री तो आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार पडतो. ढगाळ रात्री हे फारसं होत नाही, म्हणून त्या रात्री छत कोरडं सापडतं आणि सीलंट लागू पडलं असा भ्रम होतो.

जमीन आणि मजला

कंटेनर चार कोपऱ्यांतल्या ओतीव ठोकळ्यांवर उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. हे ठोकळे मजल्याखालच्या आडव्या तुळयांपेक्षा फक्त १२ मिमीच्या आसपास खाली असतात. म्हणून सपाट काँक्रीटवर ठेवलेल्या कंटेनरखालीही बोटभर फट उरते. तिथून वारा जात नाही, शिरलेलं पाणी सुकत नाही, आणि मजला वर्षभर ओल पीत राहतो. थेट मातीवर ठेवला असेल तर बोलायलाच नको. "खाली पक्का कोबा केलाय, मग ओल कशी?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

कंटेनर जमिनीपासून १५ ते २० सेमी उचलून ठेवायचा. प्रत्येक कोपऱ्याखाली ६० × ६० सेमीचा काँक्रीटचा ठोकळा पुरतो. सामानासकट एकूण १० टन भार धरला तर कोपऱ्यागणिक अडीच टन येतो, म्हणजे जमिनीवर चौरस मीटरला सुमारे ७ टन. माती मऊ किंवा भरावाची असेल तर ठोकळा मोठा करा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात एक कोपरा बसेल.

उचलायची रीत अशी:

१. कंटेनर पूर्ण रिकामा करा. रिकाम्या वीस फुटीचं वजन २,२०० ते २,३०० किलो असतं, चाळीस फुटीचं ३,७०० किलोच्या आसपास.

२. १० टनी बाटली जॅक जाड लाकडी फळीवर ठेवा आणि कोपऱ्याच्या ओतीव ठोकळ्यालगत, खालच्या कडेच्या मजबूत तुळईला लावा. दोन तुळयांमधल्या प्लायला जॅक लावला तर मजला फुटतो.

३. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच उचला, लगेच लाकडी पाचर किंवा पोलादी पट्टी सरकवा आणि पुढच्या कोपऱ्याकडे जा. एकच कोपरा खूप उचलला तर सगळी पेटी पिळते. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात किंवा डोकं खाली घालू नका.

४. हवी ती उंची मिळाली की खालची माती दहा सेंटिमीटर खरवडा. मधोमध पाच सेंटिमीटर उंचवटा ठेवून तिला दोन्हीकडे उतार द्या, त्यावर २५० मायक्रॉनचं काळं प्लास्टिक अंथरा आणि वर १० सेमी थर २० मिमी खडीचा. चारी बाजूंना एकेक फूट जास्त धरून सुमारे दोन घनमीटर खडी लागते. उंचवटा ठेवला नाही तर प्लास्टिकवर डबकं साचतं आणि सगळ्या खटाटोपाचा उलटा परिणाम होतो.

५. मागचे दोन्ही कोपरे दारापेक्षा दोन-तीन सेमी खाली ठेवा, म्हणजे छतावरचं पाणी मागे सरकेल आणि दाराच्या रबरावर उतरणार नाही. पुढचे दोन एका पातळीत आणि मागचे दोन एका पातळीत हवेत. पाण्याच्या लेव्हल पाइपनं तपासा.

मग खालचा भाग उंदरांच्या भीतीनं फळ्या लावून बंद करू नका. जाळी लावा, वारा जाऊ द्या. मजल्याच्या फटी पॉलियुरेथेन सीलंटनं भरून घ्या. मजला घासायचा असेल तर मास्क लावूनच घासा. वाळवीसाठी या प्लायला कीटकनाशक दिलेलं असू शकतं. दारावरच्या सुरक्षा पाटीवर लाकडाच्या प्रक्रियेची ओळ असते, ती आधी वाचून घ्या.

सामान

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण पाळायला हवं. पावसात भिजलेली ताडपत्री, धुतलेलं गवत कापायचं यंत्र, ओली माती असलेल्या कुंड्या, ताजं कापलेलं लाकूड यांतलं काहीही आत नको. पुठ्ठ्याची खोकी ओल पितात आणि सोडतात, त्यापेक्षा झाकणाचे प्लास्टिकचे डबे बरे. सामान भिंतीपासून १० सेमी आणि छतापासून ३० सेमी सोडून, खाली लाकडी पॅलेट घालून ठेवा. भिंतीला चिकटवलेल्या खोक्यामागे हवा पोचत नाही आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

झरोके: आकार, जागा आणि बसवायची पद्धत

कंटेनरला कारखान्यातून आलेली लहान प्लास्टिकची झाकणं असतात, वीस फुटीला बहुधा दोन. ती आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून दिलेली असतात, खोली वाळवण्यासाठी नाहीत. त्यांच्यावर विसंबू नका.

माळ्याच्या वायुवीजनासाठी वापरतात तो अंदाज इथेही चालतो: मजल्याच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग मोकळा हवा. वीस फुटीचा मजला सुमारे १४ चौरस मीटर, म्हणजे मोकळी जागा ९३० चौरस सेंटिमीटर. आता फसगत कुठे होते ते पाहा. २५ × २५ सेमीच्या झरोक्याचं तोंड ६२५ चौरस सेंटिमीटर दिसतं, पण तिरप्या पट्ट्या आणि जाळी यांत जवळपास निम्मं जातं. म्हणून दोन नव्हे, चार झरोके लावा: दोन खाली, मजल्यापासून वीतभर उंचीवर, आणि दोन वर, छतापासून वीतभर खाली. खालचे दाराच्या बाजूला असतील तर वरचे मागच्या टोकाला, म्हणजे हवा पेटीभर तिरपी फिरते. चारही एकाच उंचीवर लावले तर वारा नसलेल्या रात्री हवा हलतच नाही, कारण तेव्हा उबदार हवेचं वर चढणं एवढाच जोर असतो.

छतात फिरता पंखा बसवायचा मोह होतो. आमचा सल्ला, टाळा. छतात पाडलेलं प्रत्येक भोक ही पुढच्या गळतीची जागा असते, आणि भिंतीत अगदी वर बसवलेल्या झरोक्यानं तेच काम होतं.

कापण्यापूर्वी त्या जागेजवळचं सगळं सामान हलवा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी प्लाय आणि पुठ्ठा पेटतो, आणि जुन्या रंगात घातक धातू असू शकतात, म्हणून गाळणीचा मास्क आणि चष्मा हवाच. जवळ पाण्याची बादली किंवा अग्निशामक ठेवा. १ मिमी जाडीची चकती किंवा धातूचं बारीक दातांचं जिगसॉ पातं चालतं. कोपऱ्याचे खांब आणि वरच्या-खालच्या कडांच्या तुळया यांना अजिबात हात लावू नका, सगळी ताकद त्यांच्यात असते.

पुढची अडचण भिंतीच्या वळ्यांची. बाजूच्या भिंतीची वळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास खोल असते. सपाट चौकटीचा झरोका तिच्यावर टेकला की दोन्हीकडे बोगदे उरतात. ते नुसत्या सीलंटनं भरले तर उन्हातान्हात तो आकसतो आणि वर्षभरात चिरतो. त्यापेक्षा २५ × २५ × ३ मिमी अँगलची चौकट करून ती वळ्यांच्या आकारात बसेल अशी कापा, वेल्ड करा आणि तिच्यावर झरोका बोल्टनं लावा. वेल्डिंगची सोय नसेल तर वळ्यांत बसणारे फोमचे भराव घालून, वर ब्यूटाइल टेप लावून रिव्हेट मारा. कापलेल्या कडेवर त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात द्या. आंबट वासाचं सिलिकॉन इथे वापरू नका, वाळताना त्यातून सुटणारं ॲसिटिक आम्ल उघड्या पोलादाला गंजवतं. आतून ६ मिमी छिद्रांची पोलादी जाळी लावली की उंदीर येत नाहीत. किडे नकोत म्हणून अगदी बारीक जाळी लावलीत तर ती दर दोन महिन्यांनी ब्रशनं साफ करावी लागेल, नाहीतर धुळीनं बुजते.

झरोक्यांनाही मर्यादा आहे. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असेल तेव्हा ती आत खेळवून काही वाळत नाही. पावसाळी दिवसांत ठिबकणं परत येतं ते अनेकदा यामुळे, आणि तिथेच छताचं काम सुरू होतं.

छत गार पडू न देणं

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वर दुसरं छत. कंटेनरच्या छतापासून १५ सेमी मोकळी जागा सोडून साध्या पत्र्याची छपरी उभी केली की मूळ पत्र्याला रात्रीचं आकाश दिसत नाही, दुपारचं ऊन लागत नाही आणि पाऊसही लागत नाही. तिन्ही त्रास एका कामात जातात. तिचा सांगाडा कोपऱ्याच्या ओतीव ठोकळ्यांच्या भोकांत बोल्ट टाकून बांधता येतो, छताला एकही भोक न पाडता. वाऱ्यानं उचलू नये इतका मात्र तो घट्ट हवा.

आतून करायचं असेल तर बंद पेशींचा स्प्रे फोम उत्तम. तो वळ्यांना चिकटून बसतो आणि पत्रा व हवा यांच्यात फटच ठेवत नाही. ४० मिमी थर दिलात तर वीस फुटीच्या छताला सुमारे ०.६ घनमीटर फोम लागतो. आधी गंज तारेच्या ब्रशनं काढून, तेलकटपणा पुसून पत्रा पूर्ण कोरडा करा, नाहीतर फोम सोलून येतो. फोम जळतो हेही ध्यानात ठेवा: तो उघडा सोडू नका, आणि त्यानंतर त्या पत्र्यावर वेल्डिंग बंद.

काचलोकर मात्र नको. ती हवा अडवत नाही. दमट हवा तिच्यातून पत्र्यापर्यंत जाते, मागे दव धरतं आणि काचलोकर चिंब होऊन बसते. खालून सगळं स्वच्छ दिसतं आणि वर पत्रा गंजत राहतो. थर्माकोलचे किंवा फोमचे तक्ते वळ्यांवर नुसते चिकटवले तरी तीच गत, कारण वळ्यांच्या पोकळीत हवा फिरतेच. तक्ते लावायचेच असतील तर प्रत्येक सांधा आणि चारही कडा हवाबंद करा. दव शोषणारा रंग किंवा फेल्ट हा मधला मार्ग आहे: रात्री थोडं पाणी धरून ठेवतो, दुपारी हवेत सोडतो. झरोके चांगले असतील तर तेवढ्यानं भागतं. बंद पेटीत तो दोन-तीन रात्रींत भरतो आणि गळू लागतो.

ओल शोषणारे पदार्थ आणि यंत्रं

सिलिका जेल आपल्या वजनाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरतं. कॅल्शियम क्लोराइड स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढून घेतं, पण त्याचं खारं पाणी होतं आणि ते पोलाद खातं. म्हणून ते टांगू नका, खोल टबात जमिनीवर ठेवा. महत्त्वाचं म्हणजे झरोके उघडे ठेवून हे पदार्थ वापरणं फुकट आहे, कारण ते सगळ्या परसाची हवा वाळवत बसतात. कंटेनर हवाबंद ठेवायचा की खेळता, हे एकदाच ठरवा. अर्धं-अर्धं चालत नाही.

डिह्युमिडिफायर लावणार असाल तर झरोके बंद हवेत. काँप्रेसरचं यंत्र १५ अंशांखाली मंदावतं, थंडीत शोषकचक्राचं, म्हणजे ओल शोषणारं चाक फिरवणारं यंत्र लागतं. वीज आत नेताच अख्खी पोलादी पेटी अर्थिंगला जोडा आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवा. ओल्या लोखंडी खोलीत यात सूट नाही.

दार

झरोके, छत सगळं झालं आणि तरी दाराजवळ ओल दिसते, तेव्हा दोष रबराचा असेलच असं नाही. आधी चौकट पाहा. एक कोपरा बसला की चौकट तिरकी होते, एक दार खाली सरकतं, आणि रबराची पकड एका बाजूला सुटते. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक असेल तर जे दार खाली आलं आहे त्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली पोलादी पट्टी घाला, एका वेळी ३ मिमी. बहुतेकदा दार बंद करायचे दांडे लगेच हलके फिरू लागतात. मग चौकटीवर खडू घासून दार लावा आणि उघडा. रबरावर खडूची रेघ जिथे तुटते, तिथूनच पाणी येतं. तेवढाच तुकडा बदलून चालत नाही, सांध्यातून पाणी शिरतं. त्या दाराचं रबर पूर्ण बदला.

छतावरचं टाचणीचं भोक असेल तर भोवती पाच सेंटिमीटर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून पोलादी इपॉक्सी भरा. मोठं असेल तर २ मिमी पत्र्याचं ठिगळ, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर चढवून. पण छताला पोचा पडून तिथे पाणी साचत असेल, तर आधी आतून लाकडी ठोकळा आणि जॅक लावून तो पोचा वर काढा. नाहीतर ठिगळाच्या कडेनं पुन्हा गंज धरेल.

सगळं करूनही ठिबकत असेल तर

आता अंदाज सोडा आणि मोजा. दोन साधे डिजिटल आर्द्रतामापक घ्या, एक आत छताजवळ, एक बाहेर सावलीत. आधी ते खरे आहेत का ते पाहा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर ओलं होईल एवढेच पाण्याचे थेंब, आणि मापकासह सगळं हवाबंद पिशवीत आठ-दहा तास. आकडा ७५ टक्क्यांवर यायला हवा. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढच्या प्रत्येक वाचनात धरा.

दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो अंश, काढायचं ढोबळ सूत्र असं: आर्द्रता १०० मधून वजा करा, त्याला ५ नं भागा आणि ते तापमानातून वजा करा. २५ अंश आणि ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंश. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हे पुरेसं जुळतं. पहाटे छतावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या, चकचकीत पत्र्यावर तो चुकतो. टेप २१ च्या खाली असेल तर थेंब धरणारच.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा रोज दोन-तीन अंश जास्त येत असेल तर ओल आत तयार होते आहे: पुन्हा मजल्यावर प्लास्टिक चिकटवा, आणि सामानातली एकेक शंकास्पद वस्तू बाहेर काढून पाहा. दोन्ही दवबिंदू सारखे असतील तर झरोके आपलं काम करत आहेत आणि राहिलंय फक्त छत. पंखा लावला असेल, तर तो बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच चालू ठेवा, बहुधा दुपारी. रात्रभर चालणारा पंखा दमट हवा आत ओढून गार पत्र्यापर्यंत पोचवतो, आणि सकाळी वळ्यांवर तीच थेंबांची रांग दिसते.